लष्कर मोहल्ल्यातलं आरमार

"व्हँपायर म्हणजे रात्रपाळीचा साहेब," रणोजीराव म्हणाले, तेही पेपरातून मान वर न काढता. "रात्रभर जागतो, म्हणून ते नाव. तो आला की बाकीच्यांनी निश्चिंत व्हायचं. पुढचं विचार."

यशस्विनीने हेडफोन कानावर सारखा केला आणि हे ज्ञान पलीकडच्या विश्वेशला पोचवलं. रणोजीरावांची ही नात आणि तिच्या ऑफिसातला हा पुण्याचा पोरगा मिळून कॉम्प्युटरवर आरमारी युद्धाचा खेळ खेळत. आज चेन्नईच्या जोडीशी अंतिम सामना होता. खेळातला वायरलेस निव्वळ आरमारी इंग्रजी बोलायचा. शब्द ओळखीचे, अर्थ परके. अर्थ फोनमध्ये शोधू, असं विश्वेश म्हणाला होता. घरात जिवंत नौसैनिक असताना फोन कशाला, असं यशस्विनीने त्याला ऐटीत सुनावलं होतं.

जिवंत नौसैनिकाला या सगळ्याची किळस यायची. पंख्याखाली बसून, चकली खात कसलं युद्ध? आमच्या वेळी लाट यायची ती तोंडात मीठ भरून जायची. आणि हा विश्वेश! पुण्याला समुद्र कुठाय? मैसूरला तरी कुठाय, हे त्यांना विचारायची मात्र सोय नव्हती.

त्यांचे पूर्वज मैसूरच्या राजांच्या घोडदळात होते. घराण्याचा समुद्राशी संबंध काय तो जेवणातल्या मिठापुरता. पण रणोजीराव तरुणपणी नेव्हीत गेले आणि परतताना वादळं घेऊन आले. मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात त्यांनी ती इतकी सोडली, इतकी सोडली, की एकदा म्हणे समोरच्या शिंप्याकडचे इस्त्री केलेले सदरे पुन्हा ओले झाले.

खरी गोष्ट एकट्या भवानीबाईंना ठाऊक होती. त्यांचे यजमान नेव्हीत होते ते विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर, मेसमध्ये, आचारी म्हणून. जहाजावर चढले ते एकदाच, सांबाराचं पातेलं घेऊन. आणि जहाज धक्क्याला बांधलेलं असूनही त्यांना ओकारी झाली. नवऱ्याची लाट उसळली की भवानीबाई कोपऱ्यातून म्हणत, "हौदु हौदु, खरंय. आणि पातेलं कोणी धरलेलं?" ऐकणारे हसत, अर्थ कोणालाच लागत नसे. तुला काय कळतं समुद्रातलं, असं म्हणून रणोजीराव पुढच्या लाटेवर स्वार होत. असा तो संसार एकमेकांच्या तुच्छतेवर झकास चालला होता.

"विंचेस्टर म्हणजे काय अज्जा?"

"कप्तानाची खासगी बंदूक. नाव ऐकलं की सलाम ठोकायचा."

"आणि बिंगो?"

"मेसमध्ये खेळ चालू. म्हणजे सुट्टी."

स्वयंपाकघरात कुणीतरी जीभ टाळ्याला लावून 'च्यक' केलं.

सामना सुरू झाला. हेलिकॉप्टरचा वैमानिक बिंगो म्हणाला. यांनी त्याला सुट्टी दिली आणि तो समुद्रात पडला. एक जहाज विंचेस्टर, विंचेस्टर म्हणून टाहो फोडू लागलं. यशस्विनीने पडद्याला सलाम ठोकला, तोवर शत्रूने ते जहाज बत्तासा चुरावा तसं चुरलं. मग वायरलेसवर व्हँपायरच्या नावाने एकच कल्लोळ उठला. साहेब आले, असं विश्वेशला सांगून यशस्विनी पाणी प्यायला उठली. परत आली तेव्हा उरलेलं आरमार तळाशी होतं.

तिने हेडफोनची वायर उपटून तो काढून ठेवला. विश्वेशचा आवाज आता उघडा, सगळ्या घरभर आला.

"बिंगो म्हणजे इंधन संपत आलं. विंचेस्टर म्हणजे दारूगोळा संपला. फोनवर पहिल्याच ओळीत आहे. तिसरा शब्द बघायची माझी इच्छाच नाही. राग मानू नकोस यशस्विनी, पण तुझे आजोबा नक्की नेव्हीत होते ना?"

यशस्विनीने अज्जाकडे पाहिलं नाही. तिने स्वयंपाकघराच्या दारात आलेल्या अज्जीकडे पाहिलं.

रणोजीरावांनी पेपर खाली ठेवला. आता पातेलं येणार, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यावरचं उत्तर त्यांनी तोंडात तयार धरलं होतं. भवानीबाई हात पुसत बाहेर आल्या. भाव वाढवून सांगणाऱ्या भाजीवाल्याशी बोलावं तशा त्या कॉम्प्युटरशी बोलल्या.

"होते. जहाजावर होते. तुझ्या बापाच्या लग्नाआधीची नेव्ही ती, तेव्हाचे शब्द वेगळे. मोठ्यांबद्दल विचारताना जरा जिभेला हाड असू दे. मत्ते, आणखी काही?"

नाही, सॉरी अज्जी, असं पुटपुटत विश्वेश नाहीसा झाला. भवानीबाई आल्या तशा आत गेल्या. नवऱ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

रणोजीरावांनी पेपर पुन्हा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. टोमणे त्यांनी आयुष्यभर झेलले होते. टोमणा मारणाऱ्याला निदान वाटत असतं, की समोरच्याला लागेल, तो उसळून उठेल. ही साक्ष मात्र कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. नेहमीची लाट शोधून पाहिली. ती कुठेच नव्हती.

"जाऊ दे अज्जा," यशस्विनी म्हणाली. "सुम्ने, उगाच खेळ आहे तो." पडलेल्या पोराचा गुडघा झाडताना मोठी माणसं बोलतात, तो आवाज तिने लावला होता.

रणोजीराव उठले. कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.

"त्या व्हँपायरचा खरा अर्थ बघ," ते म्हणाले. "मला माहीत नाही."

हे असलं वाक्य त्या घराच्या भिंतींनी कधी ऐकलं नव्हतं. आतल्या भांड्यांचा आवाज थांबला. यशस्विनीने फोन हातात घेतला आणि शोधू लागली.

"शत्रूचं क्षेपणास्त्र," तिने वाचलं. "जहाजाच्या दिशेने निघालेलं."

"मग किती वेळ मिळतो?"

"फार नाही, अज्जा."

रणोजीरावांनी मान डोलावली. टेबलावरचा हेडफोन हळूच उचलला आणि त्याची डाव्या कानाची बाजू कुठली, ते उलटसुलट करून पाहू लागले.