मागच्या रांगेतली सिस्टर

सिस्टर निवृत्त होऊन जमाना झाला, तरी तिला सगळे सिस्टरच म्हणत. जिन्यात भेटणारे म्हणत, वाणी म्हणे, आणि नवराही म्हणे. नवरा लिफ्टचा मिस्त्री. उंच इमारतींच्या पोटातल्या ज्या काळोख्या विहिरीतून लिफ्ट वरखाली करते, तिथे लोंबकळण्यात त्याचं आयुष्य गेलं. मूलबाळ नव्हतं. भांडणं मात्र भरपूर होती, आणि ती दोघांनी जिवापाड जपली होती.

मिस्त्रीला एकच नाद होता. दारूचा असता तर परवडला असता, निदान तिच्यावर औषध आहे, असं सिस्टर म्हणायची. एका ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर त्याने घरी आणला होता आणि त्यावर तो एक जुनापुराणा खेळ खेळे. खेळात सहा जणांची टोळी. किल्ल्याखाली तळघर, त्याच्याखाली आणखी तळघर, असे मजल्याखाली मजले. टोळीने उतरत जायचं, वाटेत राक्षसांशी लढायचं, आणि सगळ्यात खालच्या मजल्यावरचं दार उघडायचं. ते दार मिस्त्रीने आजवर पाहिलं नव्हतं. टोळ्या वाटेत मरायच्या, तो नवी टोळी बांधून पुन्हा वरून सुरुवात करायचा. आत्ताची टोळी पहिल्यांदाच इतकी खोल पोचली होती, आणि नेमका तेव्हा त्याला कंपवात झाला.

आधी हात गेले. ऐन लढाईत बोट भलत्याच कळीवर पडायचं आणि टोळीतला एखादा हकनाक मार खायचा. मग आवाज बसत चालला. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सिस्टरला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना बोलतं ठेवा. बोलतील तितका आवाज टिकेल. पण बोला बोला म्हणून मागे लागू नका, त्याने माणूस आणखी गप्प होतो."

मिस्त्री मुळातच घुम्या. घरी आला तरी विहिरीत असल्यासारखा गप्प. त्याला बोलतं करणारी एकच गोष्ट सिस्टरला ठाऊक होती. तिने स्टूल ओढलं आणि कीबोर्डसमोर बैठक मारली.

"आजपासून मी तुमचे हात. सांगा काय करायचं."

"तुला... जमणार नाही."

"सलाईन लावायला जमत होतं, हे जमणार नाही?"

तिला खरोखर ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी ती चिलखतावर अडली.

"अहो, चिलखत चांगलं घातलं तर आकडा कमी कसा झाला? वाढायला नको?"

मिस्त्रीने थोडा दम घेतला. "ताप... कमी झालेला बरा, की वाढलेला?"

हे तिला फटकन समजलं. मग जादूगार एक मंत्र म्हणून गप्प का बसतो, हे तिने विचारलं. एकदा म्हटलेला मंत्र तो विसरतो, झोपून उठल्यावर परत पाठ करतो, हे ऐकून ती म्हणाली की हा अगदी आमच्या हॉस्पिटलातल्या शिकाऊ डॉक्टरांसारखा आहे. टोळीत चोर कशाला ठेवलाय, या प्रश्नावर मिस्त्रीने तिच्याकडे असं पाहिलं की तिनेच घाईने उत्तर दिलं, "बरं बरं, कुलपं उघडायला."

टोळी दोन रांगांत उभी असायची, तीन पुढे, तीन मागे. पुढच्या रांगेत मधोमध ढाल घेतलेला एक धिप्पाड गडी होता, त्याचं नाव मिस्त्री. हे तिला अपेक्षितच होतं. मागच्या रांगेत जखमा भरणारी एक बाई होती. तिच्या नावावर सिस्टरची नजर गेली. नाव होतं सिस्टर.

"ही मी?"

"हं."

"मग मागे का उभी केलीत? माझ्या हातात गदा दिलीय आणि मी मारत का नाही?"

"मागच्यांचा हात पोचत नाही." मग थांबून, "मागच्यांना मारही बसत नाही."

"आणि पुढचे पडले तर?"

"मागचे... आपोआप पुढे येतात."

तिचा सगळ्यात आवडता प्रश्न राक्षसाविषयीचा होता. समोर राक्षस कुऱ्हाड उगारून उभा, आणि ही चष्मा पुसत बसलेली. "मी विचार करेपर्यंत हा मारणार नाही?" मिस्त्री म्हणाला, नाही. तू कळ दाबेपर्यंत तो तसाच उभा राहतो. "कितीही वेळ?" कितीही. आता तुझा डाव आहे. सिस्टरने मान डोलावली. असा खेळ तिला पटला. वॉर्डात असं कधी कोणी थांबलं नव्हतं.

हळूहळू तिला सगळं यायला लागलं, आणि मग पंचाईत झाली. विचारायला काही उरेना. म्हणून ती आलेलंच परत विचारू लागली. चिलखताचा आकडा कमी का? चोर कशाला? मिस्त्रीने काही दिवस चालवून घेतलं. मग एका दुपारी तो हलक्या आवाजात म्हणाला, "सोंग करतेस."

"कसलं सोंग?"

"तुला... येतं सगळं."

"वय झालं, विसरायला होतं," ती म्हणाली आणि तोंड फिरवून चहा ठेवायला गेली. त्यानंतर तिने विचारलं तरी तो नुसतं हुं करायचा. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याला सांगण्यात श्वास घालवायला तो तयार नव्हता. आयुष्यभर त्याने बंद पडलेल्या लिफ्टच दुरुस्त केल्या होत्या, चालू असलेल्यांना तो उगीच हात लावत नसे.

मग घास अडकायला लागला, छातीत कफ साठला आणि मिस्त्रीला हॉस्पिटलात भरती करावं लागलं. स्ट्रेचरवर चढवताना त्याने तिची बाही धरली.

"ते दार... बघायचंय."

"बघाल. मी टोळीला घेऊन दारापर्यंत जाते. तुम्ही आलात की उघडू."

सकाळी ती हॉस्पिटलात बसे. दुपारी जेवायला घरी येई आणि जेवण बाजूला ठेवून टोळीला घेऊन बसे. एकटीने खेळताना तिला धाकधूक वाटायची. कुणाला खरचटलं तरी तिला चैन पडेना. मिस्त्री स्वतः खेळायचा तेव्हा तो मंत्रांनी, काढ्यांनी कसंबसं भागवायचा, अर्धमेल्या माणसांना तसंच पुढे रेटायचा. हे तिला कधीच पसंत नव्हतं. किल्ल्याबाहेर एक सराई होती. तिथे मुक्काम केला की सगळे ठणठणीत होत. तेव्हा प्रत्येक चकमकीनंतर ती टोळीला पायऱ्या चढवून वर आणी आणि सराईत झोपवी. जखमा भरत, मंत्र परत पाठ होत, आकडे पूर्ण होत. मग ती खेळ सेव्ह करी. जुन्या खेळात सेव्ह करायला एकच जागा होती, नवं ठेवलं की जुनं पुसलं जाई. त्याची तिला फिकीर नव्हती. जुन्यात जखमी होते, नव्यात बरे होते.

आजवर तिने मिस्त्रीला हजार गोष्टी विचारल्या होत्या. विश्रांतीबद्दल मात्र एक अक्षर विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय? आजारी माणसाला झोपू द्यावं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. झोपेची गोळी द्यायला पेशंटला हलवून उठवणाऱ्या नर्सांपैकी ती नव्हती. झोपलेल्याला तिने जन्मात उठवलं नव्हतं.

मिस्त्री घरी आला तेव्हा निम्मा झाला होता. तिने त्याला उशांच्या आधाराने खुर्चीत बसवलं आणि मोठ्या तोऱ्यात कॉम्प्युटरचा पडदा सुरू केला. "बघा. सगळे धडधाकट. शेवटच्या मजल्याचा जिना सापडलाय."

तो बघत राहिला. कंपवाताने चेहरा लाकडी झाला होता, त्यावर काही उमटत नव्हतं.

"सराईत... नेलंस?"

"प्रत्येक लढाईनंतर."

त्याने थरथरतं बोट उचललं आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे नेलं. तिथे प्रत्येकाच्या नावापुढे वय लिहिलेलं होतं. सिस्टरने ते कधी पाहिलंच नव्हतं. केसपेपरवर वय एकदा लिहिलं की कोणी परत बघत नाही. बघायचे ते आकडे नाडीचे, तापाचे, रक्तदाबाचे. आता तिने पाहिलं. ढालवाला मिस्त्री पंचविशीचा होता, तो जख्ख म्हातारा झाला होता. बाकीचेही तसेच. त्यांची ताकद निम्म्यावर आली होती.

"सराईत... दिवस जातात," मिस्त्री म्हणाला. एकेक शब्द तो ओढून काढत होता. "महिने. म्हातारा झोपला... की उठत नाही."

जुनं सगळं तिने आपल्या हाताने पुसलं होतं. मिस्त्रीचे खांदे हलू लागले. तो हसतोय की रडतोय हे त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायचं धाडस तिला झालं नाही. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि ओट्याला टेकून रडली. नवी टोळी बांधायला, पुन्हा वरपासून उतरायला दिवस हवे होते, आणि दिवस कोणाकडे होते?

त्या दिवसापासून मिस्त्री बोलायचा बंदच झाला. रुसून नव्हे. आवाजच येईना. डॉक्टर म्हणाले, आता खाण्यासाठी नाकातून नळी घालावी लागेल. सोमवारी भरती करा, तोवर पूर्ण आराम. सिस्टरने सवयीने मान हलवली. हे वाक्य तिने स्वतः कितीजणांच्या बायकांना ऐकवलं होतं. घरी येऊन तिने त्याला पलंगावर झोपवलं, पांघरूण नीट केलं आणि ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मिस्त्री छताकडे बघत होता.

रविवारी सकाळी तिने त्याला परत उचलून खुर्चीत बसवलं. कमरेत उसण भरली तरी बसवलं.

"आज जायचं," ती म्हणाली. "म्हातारे तर म्हातारे. वाटेत कोणीही झोपणार नाही."

शेवटचा मजला त्यांनी जमेल तसा पार केला. लढाईपेक्षा पळणंच जास्त होतं. जखमा वाहत होत्या आणि सराईकडे जाणारा जिना तिला दिसत होता. तिचं बोट दोनदा तिकडे वळलं, दोन्ही वेळा तिने ते मागे घेतलं. हे तिच्या जिवावर आलं. चोर एका सापळ्यात गेला, जादूगार विषाने गेला. मग एक वळण आलं आणि समोर दार होतं. काळं, साधं, ना कडी ना कुलूप. दारापुढे पहारेकरी, डोकं छताला लागलेला.

पहारेकऱ्याने पुढच्या रांगेतला एक उडवला. मग दुसरा. ढालवाल्या म्हाताऱ्याने दोन घाव घातले आणि दोन सोसले. तिसऱ्याला तो खाली बसला आणि त्याचं नाव राखाडी झालं.

पुढची रांग रिकामी झाली. पडदा जरासा हलला आणि मागची बाई आपोआप पुढे आली.

आता पडद्यावर ती एकटी होती, हातात गदा. जखमा भरायचा एक मंत्र शिल्लक. तो स्वतःवर म्हणावा, तर पहारेकऱ्याला आणखी एक घाव घालायला मिळणार. गदा मारावी, तर म्हाताऱ्या हाताने ती लागेल की नाही कोण जाणे. पळावं, तर चोरावाचून वाटेतले सापळे कळायचे नाहीत. सिस्टरला खरोखर कळेना. पहारेकरी कुऱ्हाड उगारून थांबला होता, आणि ती कळ दाबेपर्यंत थांबणार होता.

"अहो, आता काय करू?" असं म्हणत ती वळली.

मिस्त्रीची मान छातीवर कलली होती. झोप लागली होती त्याला. श्वास घरघरत होता, पण होता. सिस्टर तशीच बसून राहिली. कळ न दाबता असं बसून राहिलं तर कोणालाच काही होणार नव्हतं. कुऱ्हाड वरच राहील. सोमवार मात्र थांबणार नव्हता.

ती उठली आणि तिने त्याचा खांदा धरून हलवला. एकदा, मग जोरात.

"उठा. उठा हो. मी पुढे आलेय."

मिस्त्रीने डोळे उघडले. पडद्याकडे पाहिलं, राखाडी झालेल्या आपल्या नावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय करू?" ती म्हणाली. "मला खरंच माहीत नाही."

ते खरं आहे हे त्याला कळलं. त्याचे ओठ हलले, थांबले, परत हलले. तिने कान त्याच्या तोंडाशी नेला.

"मलाही," मिस्त्री म्हणाला. "इथवर... कधी आलो नव्हतो." मग बऱ्याच वेळाने, "तुझा डाव."

ती स्टुलावर बसली. त्याचा हात तिने उचलून आपल्या मांडीवर ठेवला, त्याचं तोंड पडद्याकडे आहे ना ते बघितलं. मग मंत्र तसाच सोडून तिने गदेची कळ दाबली.