मेझी नव्हे, मुक्ता

"हा बिल्ला माजा नाय," असं म्हणून मुक्तानं तो मेट्रनच्या टेबलावर उलटा ठेवला.

बिल्ल्यावर इंग्रजीत 'मेझी' कोरलं होतं. बहारीनमधल्या गुदैबियातल्या त्या खाजगी प्रसूतिगृहात १९७८ साली बाळं सांभाळणाऱ्या सगळ्या आयांना नवे बिल्ले आले होते. मेट्रन स्कॉटलंडची. 'मुक्ता' काही तिच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून ती तीन वर्षं मेझी म्हणे आणि गुहागरची मुक्ता ऐकून घेई. पण हाक मारणं वेगळं, छातीवर लावून फिरणं वेगळं.

मेट्रन चिडली नाही. तिचं बोलणं मुंबईची नर्स लीना समजावून सांगत होती.

"मेझी तिच्या आजीचं नाव होतं म्हणे. मार्गारेटचं लाडाचं रूप, त्यांच्या स्कॉटलंडातलं. मूळ शब्द ग्रीक, अर्थ मोती. तुला प्रेमानं दिलंय म्हणते."

"मोती?" मुक्ताला हसू आलं. "अगो, मुक्ता म्हंजे पण मोतीच. अर्थ एकच, तर मग माजंच का नको? विचार तिला."

लीनानं विचारलं. मेट्रन वरमली, पण मागे हटली नाही. उद्यापासून बिल्ल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, एवढंच म्हणाली.

बाहेर लीना कुजबुजली, "व्हिसा त्यांच्या हातात आहे, मुक्ता. घरी आहेच की तुझं नाव."

"घरीच तर नव्हतं!"

लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात 'शालिनी' लिहिलं आणि चौदा वर्षं ती शालिनीच राहिली. नवरा गेल्यावर पासपोर्टच्या अर्जात तिनं बापानं ठेवलेलं नाव लिहिलं. सासू बोलली, दीर बोलले. तिनं खोडलं नाही.

"एकदा पुसलं, तेवढं पुरे. पाठवायचं तर पाठवूदे परत."

परत पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला तळघरातल्या लॉन्ड्रीत टाकलं. तिथे बिल्ला लागत नसे. पगार तोच, पण पुढची नऊ वर्षं तिच्या हातात नवं मूल आलं नाही.

लॉन्ड्रीत हलिमा होती, बहारीनचीच. तिचा बाप मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचा. मुक्ताचा अर्थ कळल्यावर ती मोत्याच्या अरबी नावानं 'लूलू' म्हणू शकली असती, पण ती हाक मारी, "मुक्ता, यल्ला, चाय!"

कधी वरून बाळाचं रडणं झिरपत खाली येई. मुक्ता इस्त्री उचलून धरी, कान देई.

"भुकेलाय तो," छताकडे बघून ती म्हणे, आणि पुढची चादर ओढी.