कुंपणातलं इस्त्रीचं टेबल

एव्हिसच्या आणि माझ्या बागेमधल्या झुडपांच्या कुंपणाला एक भोक आहे. १९६१ साली तिच्या कुत्र्याने ते पाडलं. कुत्रा गेला, भोक राहिलं. रोज सकाळी अकरा वाजता त्यातून चहाची किटली जाते, एक दिवस तिची, एक दिवस माझी. तोंड नीट दिसत नाही, त्यामुळे मोकळेपणाने बोलता येतं. माझा नवरा क्लिफर्ड गेल्यापासून तर दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे त्या भोकापलीकडची एव्हिस, एवढंच.

२०१६ च्या मे महिन्यात देशापुढे प्रश्न होता, ब्रुसेल्सहून कारभार चालणाऱ्या युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं. माझ्या खिडकीत कागद होता ‘राहू या’, तिच्या खिडकीत ‘बाहेर पडू या’. एका मंगळवारी किटली भोकात असतानाच गाडी माशांवर आली.

“आपला समुद्र, आपले मासे, आणि परवानगी मागायची ब्रुसेल्सची!” एव्हिस म्हणाली.

“अगं, तू मासा खातेस कधी? वासानेच तुला मळमळतं.”

“प्रश्न खाण्याचा नाही, एनिड. प्रश्न मासे कुणाचे याचा आहे.”

“मग माशांनाच विचार ना. त्यांनाही मत दे.”

एरवी ती हसली असती. त्या दिवशी किटली अर्धी भरलेली असताना तिने मागे ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी बघते तर भोकात तिचं इस्त्रीचं टेबल आडवं ठोकलेलं, जांभळ्या फुलांचं कापड माझ्या बाजूला.

तीन आठवडे मी अकरा वाजता माझीच किटली घेऊन त्या फुलांपुढे बसले. दोनदा त्यांच्याशी बोललेही. फुलांना माझं सगळं पटत होतं. त्यात काही मजा नव्हती.

खरं तर हा प्रश्न देशाला १९७५ सालीही विचारला होता. तेव्हा बाहेर पडा म्हणणारी मी होते, संघात राहिलो तर न्यूझीलंडचं लोणी महागेल म्हणून. आणि राहा म्हणणारी एव्हिस, कारण तिला एकदा पॅरिस बघायचं होतं. तेव्हाचं भांडण चारच दिवस टिकलं. तेव्हा तिच्याकडे इस्त्रीचं टेबल नव्हतं.

जूनच्या पहिल्या शनिवारी गावच्या सभागृहात जाहीर चर्चा ठेवली होती. अध्यक्ष होते निवृत्त हेडमास्तर पिनॉक, हातात शाळेची घंटा घेऊन. नियम सोपा होता. बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी डाव्या भिंतीशी रांग लावायची, राहा म्हणणाऱ्यांनी उजव्या. प्रत्येकाला दोन मिनिटं.

पिनॉक साहेबांच्या लक्षात एकच गोष्ट आली नाही. डावीकडचा माइक स्वयंपाकघराच्या चहाच्या खिडकीजवळ होता आणि उजवीकडचा बायकांच्या संडासाच्या दाराजवळ.

माझं बालपण युद्धाच्या दिवसांतलं. आई सांगायची, “रांग दिसली की आधी उभं राहायचं, पुढे काय मिळतंय ते मागाहून विचारायचं.” आमच्या पिढीच्या हाडात ते मुरलंय. मी उशिरा पोचले, डावीकडे रांग दिसली, पुढे कपांचा आवाज ऐकू आला. राहिले उभी.

माझ्यापुढे रॉडनी खाटीक होता. त्याची पाळी आली. त्याने माइककडे पाहिलं, सभेकडे पाहिलं आणि ठणकावून म्हणाला, “दूध थोडं, साखर दोन चमचे!”

बाहेर पडणाऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण मागे वीस माणसं उभी होती. ऐंशी लोकांसमोर ‘माफ करा, माझी रांग चुकली’ म्हणणार कोण? मी तरी नाही.

“बाहेर पडण्याच्या बाजूने, मिसेस एनिड कॉथॉर्न,” पिनॉक म्हणाले आणि त्यांच्या भुवया टाळूपर्यंत चढल्या.

मी तोंड उघडलं आणि आतून एव्हिस बाहेर आली. “आपला समुद्र,” मी म्हटलं, “आपले मासे, आणि परवानगी मागायची ब्रुसेल्सची!” शब्द न् शब्द तिचा. ते संपलं, पण घंटा वाजेना. मग मी न्यूझीलंडच्या लोण्यात शिरले आणि घंटेपर्यंत तिथेच राहिले.

टाळ्या घेऊन वळले तर उजव्या माइकपुढे एव्हिस. पाय घट्ट जुळवलेले, नजर संडासाच्या दारावर. तिची घाई अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तीही बिचारी दिसेल त्या रांगेत उभी राहिली होती.

“राहण्याच्या बाजूने,” पिनॉक क्षीण आवाजात म्हणाले, “मिसेस एव्हिस टेम्पर्टन.”

एव्हिसने एक श्वास घेतला. “शेजाऱ्याशी पटत नाही म्हणून कुणी घर सोडून जातं का?” ती म्हणाली. वसंतभर मी तिला कुंपणातून हेच ऐकवत होते. “भांडावं, पण जागेवर राहून भांडावं. आणि पॅरिस फार सुंदर आहे म्हणतात. धन्यवाद.” आणि ती दारातून आत पळाली.

शेवटी पिनॉकनी जाहीर केलं की डाव्या बाजूने अकरा भाषणं जास्त झाली. त्यातली आठ चहासाठी होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी किटली घेऊन फुलांपुढे जाऊन बसले. एकाएकी फुलं हलली. टेबल करकरलं, तिरकं झालं आणि पलीकडे नाहीसं झालं. मी घाईने किटली पुढे केली. तीन आठवड्यांनंतर पाळी कुणाची हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तिनेही केली. दोन्ही किटल्या भोकात अडकल्या.

“तू आधी.”

“छे, छे, तूच आधी.”

चहा निवेपर्यंत हे चाललं. शेवटी मी माझी किटली मागे घेऊन मांडीवर ठेवली.

“सेसिलचे शर्ट चुरगळलेत,” एव्हिस पलीकडून म्हणाली. सेसिल तिचा नवरा. “म्हणून टेबल काढलंय. भलता समज नको.”

“मुळीच नाही.”

“आणि ते लोणी माझं नव्हतं हं. ते तुझं. पंचाहत्तर सालचं.”

“पॅरिसही माझं नव्हतं.”

ती म्हणाली, “मासे बरे झाले तुझे. पण मिळमिळीत. ‘आपले मासे’ म्हणताना हात आपटायचा असतो. एवढी वर्षं ऐकतेस, तरी कळत नाही?”

“आपले मासे!” मी म्हटलं आणि खुर्चीवर हात आपटला. किटलीचं झाकण उडून गवतात पडलं.

“हां, आता जमलं,” एव्हिस म्हणाली. “आता सांग, का राहायचं म्हणतेस ते. आणि नीट सांग, काल मला माझ्या तोंडून पटायला लागलं होतं.”