एइनो नेहमी एकावरच गोल करायचा

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे. आता बोटाच्या पेराएवढीच उरले आहे, पण फिनलंडच्या रानात मी पाइनचं झाड होते, तेव्हा ढग माझ्या शेंड्याला पाठ खाजवून पुढे जायचे. विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू.

पुढे तळ्याकाठच्या डायलिसिस केंद्रात मला एका फळीला दोरीने बांधलं. अधूनमधून परिचारिका मेरवी रुग्णांपुढे प्रश्नांचा कागद ठेवायची. तहानेचा त्रास किती? थकवा किती? मनासारखं जगण्यात अडचण किती? एक म्हणजे काहीच त्रास नाही, पाच म्हणजे असह्य. रक्त गाळायला यंत्र होतं; दुःख मोजायचं काम माझं.

एइनो कोळी होता. बर्फाखाली पुन्हा एकदा जाळं लावायचं, एवढंच त्याला हवं होतं. पण केंद्रातून घरी गेला की उरलेला दिवस तो पडून असायचा. तरी प्रत्येक ओळीत तो एकावरच गोल करी.

"एइनो, परवा जिन्यात बसला होतात म्हणे?" मेरवीने विचारलं.

"तळं बघत होतो."

"जिन्याला खिडकी नाही."

"म्हणून तर वेळ लागला."

शेजारच्या खुर्चीतला तौनो हसला. तौनोचा एक पाय कापलेला. एइनो मेरवीच्या कानाशी पुटपुटला, "ह्याच्यादेखत मी कसला रडू?" आमच्याकडची माणसंच अशी.

मी रागाने टोक मोडून घेतलं. मेरवीने ते तासून दिलं. पुन्हा एकच.

त्या हिवाळ्यात एक नवं यंत्र आलं. रात्री घरी, झोपेत चालणारं. दिवस मोकळा ठेवणारं. ज्याला त्रास जास्त, त्याला ते द्यायचं होतं. डॉक्टरांनी एइनोचा कागद पाहिला. "हा तर मजेत आहे," म्हणाले. यंत्र दुसऱ्याच्या घरी गेलं.

तळ्यावरचा बर्फ वितळण्याआधीच एइनो गेला.

त्याची बायको हिल्का खुर्चीपाशी राहिलेले त्याचे लोकरी मोजे न्यायला आली.

"कधी तक्रार केली नाही त्यांनी," मेरवी म्हणाली.

"घरीही नाही. फक्त सुजलेल्या पायांतले बूट काढताना मला भिंतीकडे तोंड करायला लावायचा."

मग तिने एक मोजा तौनोच्या पायात चढवला आणि दुसरा त्याच्या हातात दिला. "हा ठेव. पहिल्याला भोक पडलं की घाल."

तौनो हसला नाही. त्याने मोजा मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "मेरवी, तो कागद आण."

त्या दिवशी तौनोच्या हातून मी पहिल्यांदा पाचावर गोल केला. कागद फाटेल इतका जोर होता त्याच्या हाताला.

मित्रांनो, कुणाला "कसं आहे?" विचारलंत, तर पहिलं उत्तर ऐकून लगेच उठू नका. थोडं बसा. मला आता टोक फार थोडं उरलं आहे.