मोटारीची खोळ

राजाबाईने घोंगडं दोन्ही हातांनी उन्हात उभं धरलं. मधोमध पडलेल्या भोकातून तिला समोर उभी असलेली सून दिसली.

"बग की. तुजं तोंड दिसतंय ह्यातनं," ती म्हणाली. "सासऱ्याचं घोंगडं कापायच्या आदी सासूला इचारावं, एवडंबी तुज्या म्हायेरात शिकवत न्हाईत व्हय?"

 मायाक्काने हातातला दाभण पदराआड घेतला.

"कापायचं तर कोपरा कापावा. मदोमद कातर घातलीस. आन घातलंस कुटं, तर पायाखाली."

भवानी पेठेतल्या त्या बोळात मोटार दाराला खेटून उभी होती. गिरणीच्या एका साहेबाने टाकून दिलेली ती गाडी राजाबाईच्या लेकाने, ज्ञानबाने, अर्धी मेंढरं विकून घेतली होती. साहेबाच्या वेळचं तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं. रेवणप्पा सुताराने मागची बाजू नव्याने बांधली, गाद्या काढून बाकं बसवली, तळाला बाभळीच्या फळ्या टाकल्या. पायाने दाबायचे दांडे जिथून वर येतात तिथे त्याने बैलगाडीच्या सवयीने ऐसपैस भोकं पाडली होती. त्यांतून खालचा रस्ता पळताना दिसायचा. आता तिथे घोंगड्याचा काळा तुकडा बारीक खिळ्यांनी, चुकांनी ठोकलेला होता.

घरात हे घोंगडं अंथरलं की वहाणा घालून त्यावर कुणी पाय ठेवत नसे. बिरोबाच्या सणाला देव त्याच्यावरच मांडला जायचा. त्याची लोकर राजाबाईने स्वतः कातली होती, आणि नवरा गेल्यावर त्याच्या अंगावरचं म्हणून तिने एवढंच ठेवलं होतं.

ज्ञानबा पटका गुंडाळत बाहेर आला. वैरागचा बाजार होता, गाडीने जाणारी माणसं नाक्यावर वाट बघत असणार.

"जाऊ दे की, आये. खालनं धूळ लई येती."

"धूळ? तुज्या बानं मेंढरामागं जल्म काडला. त्येला कदी धूळ लागली न्हाय, ती तुला लागती?"

घोंगडं मायाक्काच्या हातात कोंबून ती मोटारीकडे वळली. मोटार दारात आल्यापासून तिने तिला हात लावला नव्हता. लोखंडाची मेंढी, म्हणायची. ना लोकर, ना दूध. आज मात्र दांडीला धरून ती वर चढली, चालवणाऱ्याच्या जागेवर बसली आणि खाली वाकली. तुकडा उपटायलाच ती वाकली होती. पण हात लावल्यावर बोटं थांबली.

"हे कुणी ठोकलं?"

"म्या," मायाक्का म्हणाली.

राजाबाईने मधला दांडा हाताने रेटला. तो खाली गेला. सोडल्यावर अर्ध्यावर येऊन घुटमळला. ताणलेली लोकर त्याला धरून बसली होती.

"ह्यो कशाचा?"

"बिरेकाचा," ज्ञानबा म्हणाला.

"म्हंजे थांबवायचाच. ढोलाच्या कातड्यावानी ताणलंय येडीनं. लोकर कशी बसवायची ते मेंढक्याच्या सुनंला ठावं न्हाय."

तिने एका झटक्यात तुकडा उपटला. चुका फळीवर उडाल्या.

"आता चालू कर."

"कशाला उगंच?"

"चालू कर म्हंते न्हवं."

ज्ञानबाने मायाक्काकडे पाहिलं. मग पुढे जाऊन त्याने हॅंडल मारलं. मोटार खोकली आणि थरथरू लागली. उघड्या भोकांतून आधी धूळ आली, मग पायांना झळ लागली, आणि मग धूर. राजाबाईला ओल्या शेणकुटाचा धूर माहीत होता. तो डोळ्यांना झोंबतो, माणूस शिव्या देत उठून बाहेर जातो. हा तसा नव्हता. हा गोडसर होता, आणि त्यात बसूनच राहावंसं वाटत होतं. कपाळावर कुणीतरी हळूच हात ठेवल्यासारखं झालं आणि डोळे मिटू लागले.

तिने मान वळवली. मायाक्का मोटारीला चिकटून उभी होती. एक पाय पायरीवर, एक हात पुढे केलेला, जणू आत्ता कुणाला बखोटीला धरून ओढायचं आहे.

मागच्या बाजाराला मायाक्का बहिणीला भेटायला ज्ञानबाच्या गाडीतून वैरागला गेली होती. परतताना मोटारीच्या तोंडाला चिखल होता आणि ज्ञानबाच्या भुवईवर फडकं. टायर फुटून गाडी चरात गेली, असं मायाक्काने सांगितलं होतं. ज्ञानबा तेव्हा नुसता पाणी पीत बसला होता.

"बंद कर," राजाबाई म्हणाली.

बोळात शेजारच्या हातमागाचा खटका पुन्हा ऐकू येऊ लागला.

"धुराच्या नळीला तडा गेलाय," ज्ञानबा चाकाकडे बघत म्हणाला. "मिस्त्रीनं पट्टी बांधलीया. नवी नळी पुण्यासनं यायचीय."

"रोज आसंच?"

"मागं बसणारांना वारा आसतो. मलाच जरा."

"मलाच जरा," राजाबाई म्हणाली.

ज्ञानबाने चाकावरच्या पत्र्याच्या पंख्यावर हात ठेवला, विकायला काढलेल्या मेंढीच्या पाठीवर ठेवावा तसा. पुढचं वाक्य काय येणार ते त्याला ठाऊक होतं. मोटार आली त्या दिवसापासून ते आईच्या ओठांवर होतं: इकून टाक हे, आन जा मेंढराकडं.

राजाबाई खाली उतरली. ओट्यावर बसून तिने मायाक्काच्या हातातलं घोंगडं घेतलं, मांडीवर पसरलं. बोटं काठावरून फिरली. काठात चिंचोक्याची खळ अजून होती, कडक. कोपराही तसाच. मधे मात्र इतक्या वर्षांच्या पावसाने आणि खांद्याने खळ पार निघून गेली होती. तिथलं घोंगडं कोकराच्या कानासारखं मऊ झालं होतं. तिने मायाक्काने पाडलेल्या भोकाकडे पाहिलं. मग विळी ओढून त्याच्या शेजारूनच कापायला घेतलं.

"आये," ज्ञानबा म्हणाला.

"गप."

पावसात मेंढका घोंगड्याची खोळ करून डोक्यावर घेतो, तशी तिने प्रत्येक तुकड्याची छोटी खोळ शिवली. खोळीचं निमुळतं टोक दांड्याला लोकरीच्या दोऱ्याने आवळलं आणि रुंद तोंड भरपूर ढील ठेवून फळीवर बसवलं. मायाक्का न विचारता एकेक चूक पुढे करत होती. एकदा बोटं बोटांना लागली, तेव्हा दोघींनीही हात मागे घेतला नाही.

"दाब."

ज्ञानबाने दाबलं. दांडा खाली गेला, त्याच्याबरोबर खोळ वाकली. पाय काढल्यावर दांडा लगेच वर आला आणि खोळ पुन्हा उभी राहिली, पावसात थांबलेल्या मेंढक्यासारखी. मोटार पुन्हा सुरू करून राजाबाईने खोळींवर तळहात धरला. हाताला काही लागलं नाही.

"जातो मंग," ज्ञानबा म्हणाला. "लोक खोळंबल्यात."

"नळी आल्याबिगर गाडी दारातनं हालायची न्हाय."

"गिऱ्हाईक जाईल की, आये."

"जाऊ दे दुसऱ्याच्या गाडीनं. तू जायचा वाचलास, तेवडं बास."

 ज्ञानबाचा हात भुवईकडे गेला, तो त्याने पटका सारखा करायला लावला.

"आन नळी बसवल्यावर हितं वहाणा काडून बसायचं. त्या घोंगड्यावर देव बसतो."

त्याला कुठे जायचं नव्हतं, तरी त्याने तिथल्या तिथे वहाणा काढल्या आणि मोटारीखाली नीट जोडून ठेवल्या.

मायाक्का उरलेल्या घोंगड्याची घडी घालत होती. भोक आत जाईल अशी ती घालत होती. राजाबाईने मोटारीभोवती एक फेरी मारली. वाकून चारी चाकं पाहिली. टायर झिजून गुळगुळीत झाले होते. ठिगळ एकालाही नव्हतं.

"टायर फुटलं व्हतं म्हणालीस न्हवं, त्या दिशी?"

मायाक्काची बोटं घडीवर थांबली. ज्ञानबा पुढे यायला निघाला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"व्हय, आत्याबाई," ती म्हणाली. "मोठ्ठ्यानं फुटलं."

राजाबाईने तिच्या हातातली घडी घेतली, काखेत मारली आणि उंबऱ्यापर्यंत गेली. तिथून ती वळली.

"लबाड हाईस तू, मायाक्का," ती म्हणाली. "पुढच्या बारीला लबाडीबी सासूला इचारून कर."