कपाटातली फुली

मोटरहोमच्या छतावर सोलर पॅनल बसून दोन वर्षं झाली होती. वायरी आत घ्यायला छताला भोक पाडायचं तेवढं राहिलं होतं, पण निवृत्त मुद्रितशोधकाचा धीर होत नव्हता. भोकातून छत गळलं तर? शेवटी कंटाळून बायकोने गाडीतल्या कपाटात, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलने फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'इथे पाडा. मग निघू.'

ती गेली, त्याला आता तीन महिने झाले होते.

"भावोजी, भोक पाडताय की मुहूर्त काढताय?" मदतीला आलेला मेहुणा म्हणाला.

मुद्रितशोधकांनी फुलीवर ड्रिल टेकवलं. भोक पाडून, वायरी ओढून, वरून झाकण बसवून, कडांना सीलंट भरेपर्यंत जेमतेम तास लागला. फुलीचं एक टोक तेवढं भोकाबाहेर उरलं.

दुसऱ्या दिवशी सीलंट वाळल्यावर मेहुण्याने छतावर पाइपने पाणी सोडलं. मुद्रितशोधक आत कपाटात डोकं घालून, वायरींभोवती बोट फिरवत उभे राहिले.

"गळतंय का हो?"

"नाही."

एक तरी थेंब पडावा, असं त्यांना वाटत होतं. पडला असता, तर दोन वर्षं घाबरण्यात काही अर्थ तरी होता, असं तिला सांगता आलं असतं.

"अर्धा तास झाला, भावोजी! बंद करू?"

बोट कोरडंच होतं.

"नको," ते म्हणाले, "अजून थोडं सोड."