पाण्यावरची टोपी

जन्मभर दुधावर एक डोळा आणि दारावर एक कान ठेवून संसार केलेल्या बाईला एकाच जागी बघत उभं राहा म्हणणं म्हणजे शिक्षाच की! पण महासागर ओलांडायचा तर हे आलंच पाहिजे, असं शिडाची होडी चालवायला शिकवणाऱ्या तांडेलाचं म्हणणं. माणूस पाण्यात पडला की एकानं त्याच्यावर नजर ठेवून त्याच्या दिशेनं हात रोखून धरायचा. शिडाला शिवायचं नाही, सुकाणूकडे बघायचं नाही. लाटांत डोकं एकदा हरवलं की संपलं.

महासागराचं वेड नवऱ्याचं. निवृत्त झाला आणि अंगात वारं शिरलं. ती आली ती त्याच्या काळजीपोटी. सरावासाठी त्यानं रिकाम्या कॅनला स्वतःची पिवळी टोपी बांधली होती. "हा मी," म्हणायचा. कॅन पाण्यात टाकला की ही दोऱ्या आवरायला धावायची, आणि तेवढ्यात कॅन दिसेनासा.

"मेलो बघ पुन्हा," नवरा हसायचा.

"वहिनी, तुम्ही फक्त हात रोखून धरा हो," तांडेल करवादायचा.

त्या दुपारी वारा चढला होता. कॅन टाकला, होडी फिरवली, आणि तो काढायला नवरा काठावरून वाकला. उकडतंय म्हणून तरंगायचं जाकीट काढून ठेवलेलं. शहाणाच तो! लाटेनं होडी कलली आणि तो पाण्यात गेला.

या वेळी ती धावली नाही. पिवळं दिसलं तिकडे हात रोखला. खांदा भरून आला, डोळ्यांत खारं पाणी गेलं, तरी हात हलला नाही. तांडेलानं वायरलेसवर मदत मागितली आणि तिच्या हाताच्या रोखानं होडी वळवली.

"दिसतोय?"

"दिसतोय."

होडी जवळ गेली. टोपीखाली कॅन होता.

इतके दिवस जे बघायला शिकवलं, तेच तिनं बघितलं होतं. ती गर्रकन वळली. चहूकडे नुसतं पाणी आणि फेस. घसा फाटेपर्यंत तिनं हाका मारल्या. ओ आली नाही.

"वहिनी," तांडेलानं हळूच विचारलं, "कुठे?"

तिनं हात उचलून समोर रोखला. तिला काहीच दिसत नव्हतं. ते तांडेलालाही कळलं होतं. त्यानं सुकाणू तिकडेच वळवलं.